समोरचे आदर्श गृहस्थ

छत्रीबागेतील आमच्या गल्लीत आदर्श पती म्हणून एकाच गृहस्थांचा उल्लेख होई, आणि तो मी नव्हतो. समोरच्या घरातील ते बँक अधिकारी पत्नीला भाजी आणायलाही एकटे पाठवीत नसत. रविवारी पोहे-जलेबी स्वतः आणीत. मी कलेक्टर कचेरीबाहेर अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत, तरी माझ्या मसुद्यातला शब्द वकीलही बदलत नाहीत. पण माझी पत्नी म्हणे, "जरा समोर बघून शिका." मी आतल्या आत जळत असे.

जळणारा मनुष्य बारकाईने पाहतो. त्यांच्या पत्नीला काही विचारले की उत्तर ते देत. तिचा फोन त्यांच्या खिशात असे. ते हसल्यावरच ती हसे. अशी जोडपी माझ्या टेबलासमोरही येतात. पुढे त्यातली स्त्री एकटी आली, की अर्जाचा विषय मला विचारावा लागत नाही. हे मी घरी बोललो. पत्नी कणीक मळता मळता म्हणाली, "जळता हो तुम्ही, दुसरं काय." आरोप खराच होता.

यंदा आमच्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला समोरच्या वहिनी आल्या, त्या भर उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज घालून. त्यांचे यजमान दाराशी स्कूटरवर बसून राहिले. वहिनींशिवाय करमत नाही हो त्यांना, असे बायका कौतुकाने म्हणाल्या. अत्तर लावताना माझ्या पत्नीने वहिनींची बाही किंचित वर सारली. मग ती स्वयंपाकघरात माझ्याकडे आली.

"चटक्यांचे डाग आहेत. पार वरपर्यंत. सांवेरला भावाकडे जाते म्हणतेय, आत्ताच. मी मागल्या दारानं रिक्षात बसवते. तुम्ही त्यांना बोलण्यात गुंतवा."

मी पन्ह्याचा पेला घेऊन बाहेर गेलो. जे इतके दिवस मनात होते तेच विचारले, "साहेब, वहिनी तुमचं इतकं ऐकतात कशा?"

त्यांना फार बरे वाटले. "भिया, त्याची एक पद्धत असते," म्हणत त्यांनी पेला हाती घेतला आणि विस्ताराने सांगू लागले. हेव्याचा चेहरा माझ्या सरावाचा होता. तोच ठेवून मी मान डोलावत राहिलो. मागच्या गल्लीत रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. त्यांनी मान वळवली, तेव्हा मी घाईने पुढचा प्रश्न विचारला.