कोरडी परात

माझ्या जुन्या विलायती मोटारीखाली एक परात कायम ठेवलेली असते. या गाड्या ऑइल गाळतातच. गळतंय तोवर आत ऑइल आहे समजा, असं मीच नवख्यांना सांगत आलोय. आज सकाळी परात कोरडी दिसली आणि मी मूर्खासारखा खूश झालो. मग ऑइल मोजायची पट्टी काढून पाहिली. इंजिनात ऑइलच उरलं नव्हतं.

पूर्वी दर रविवारी बायको ओरडायची, "त्या खटाऱ्याशी बोलता, तेवढं माझ्याशी बोला!" वर्षभर ती काहीच म्हणत नाही. निवळली एकदाची, असं मी मित्रांना सांगत होतो.

आत्ताही तिने बॉनेटवर चहा ठेवला आणि न बोलता ती आत गेली.

इंजिनासाठी निदान फळीवर ऑइलचा डबा होता.