बुटांचा मान

सान इसिद्रो गावात मुलगी पंधराची झाली की भर मांडवात तिचे सपाट जोडे काढून पहिले उंच टाचांचे बूट घालायचे, आणि ते घालायचा मान धर्ममातेचा. या मानापायी सख्ख्या जावांनी दोन-दोन वर्षं अबोला धरलेला गावाने पाहिलाय. एर्मेलिंदाने मात्र लेकीसाठी परगावची धर्ममाता बोलावली. रुबी.

गावाच्या लेखी एर्मेलिंदा बंदरावर एका खानावळीत स्वयंपाकीण. खरं तर तिला साधा भात धड जमत नसे! ती आणि रुबी अकरा वर्षं एकाच घरात गिऱ्हाइकं घेत होत्या. एर्मेलिंदा तापाने फणफणली तेव्हा उशाशी बसली ती रुबीच. बूटही तिनेच आणले, पांढरे, साटिनचे.

त्या दिवशी रुबी लांब बाह्यांचा झगा घालून आली, नखांचा रंग पार खरवडून. तरी नणंदेने, ओफेलियाने, एर्मेलिंदाला कोपराने ढोसलंच.

"वहिनी, ही कोण गं? हसते कशी बघ, फाट्यावर उभी असल्यासारखी."

एर्मेलिंदाने रुबीकडे पाहिलं. हिचं बिंग फुटलं की आपलंही फुटलं. मग लेकीला गावात कोण विचारणार?

तेवढ्यात कर्ण्यावरून तुलिओकाका ओरडले, "अगं बायांनो, धर्ममातेचं नाव सांगा! ताटातले तमाले गार होतायत!"

"ओफेलिया!" एर्मेलिंदा बोलून गेली.

"इश्श, मी? मग ही?"

"ही... खानावळीत भांडी घासते. सोबतीला आलीय."

रुबी दोन हातांवर होती. तिने बुटांचा खोका ओफेलियाच्या हाती दिला, आत गेली आणि खरोखरच भांडी घासायला बसली. वाल्सचा नाच सुरू व्हायच्या आत तिने परतीची बस धरली.

पाहुणे पांगल्यावर एर्मेलिंदाला खोक्यात, कागदाखाली, चिठ्ठी सापडली. निळ्या शाईत, गिरवून गिरवून लिहिलेली: 'तुझी धर्ममाता, एमेरेंसियाना लोपेस.'

अकरा वर्षांत तिने रुबीचं खरं नाव कधी विचारलं नव्हतं. त्या घरात कुणी कुणाला विचारत नसे.

सोमवारी ती बंदरावर परतली. रुबी खाटेवर बसून नखं रंगवत होती.

"एमेरेंसियाना," एर्मेलिंदा दारातूनच म्हणाली, "चुकले गं मी."

रुबीचा हात थबकला.

"इथं रुबीच म्हण, बाई. ते नाव मी तुझ्या मांडवासाठी बाहेर काढलं होतं."

आणि तिने दुसऱ्या हाताची नखं रंगवायला घेतली.