वीजगूलची गोजरबाई

गोजरकाकींनी ‘वीजगूल’ हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी डोक्यावरच्या बल्बकडं बघितलं.

“लाइट हाय की,” त्या म्हणाल्या.

शेजारचा कॅसेटवाला रविराज हसला. “वहिनी, बँडचं नाव हाय त्ये. पुण्याची चार पोरं हायती.”

“वरातीतला बँड?”

“न्हाय वो. गिटारचा. रॉक म्हणत्यात त्याला.”

हे १९९५ सालचं. इंदापूरच्या एसटी स्टँडजवळच्या बोळात काकींचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं, अजूनही आहे. त्याला लागूनच रविराजनं कॅसेटचं दुकान काढलं. दोघांच्या मध्ये भिंत म्हणून नुसता पत्रा. त्यामुळं पलीकडं जे वाजेल ते अलीकडं दुप्पट वाजायचं. भांडी आपटल्यासारखा हा आवाज बंद कर, असं सांगायलाच काकी त्या दिवशी गेल्या होत्या. रविराजनं आवाज कमी केला. चार दिवसांनी काकीच परत गेल्या.

“भावजी, ती भांड्याची कॅसेट लावा की. तिच्यावर मशीन बरं चालतंय.”

मी तेव्हा इंदापूरच्या कॉलेजात होते. मलाही वीजगूलचं वेड लागलेलं, पण कॅसेटच्या दुकानात बाकड्यावर मुलांच्या घोळक्यात मुलीनं बसायचं म्हणजे गावभर चर्चा. मग मी काकींकडं जाऊन बसायची. हातात एखादं कापड असलं की कुणी काही विचारत नसे. त्या तीन वर्षांत मी काकींकडून हूक लावायला शिकले आणि वीजगूलच्या तिन्ही कॅसेट आम्हां दोघींना पाठ झाल्या. शब्दांशी काकींना फारसं देणंघेणं नव्हतं. त्या ड्रम ऐकायच्या. त्याला त्या ढोलच म्हणत.

काकी मूळच्या अंथुर्ण्याच्या, धनगराच्या. त्यांचे वडील मेंढरं घेऊन आठ महिने बाहेर असायचे आणि गावी आले की धनगरी गजीनाचात ढोल वाजवायचे. “माझा बाप घरात गप असायचा,” काकी एकदा म्हणाल्या. “जे काय बोलायचं त्ये ढोलावर.”

१९९९ साली वीजगूलचा कार्यक्रम बारामतीत होता. रविराजनं टेम्पो ठरवला. काकी नवऱ्याला घेऊन आल्या. आप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, दिवसभर इंजिनांचा आवाज ऐकणारा माणूस, पण पहिलंच गाणं सुरू झालं तसं त्यांनी अस्तराच्या चिंध्या कानात कोंबल्या. काकी मात्र अंबाड्यावरचा पदर सावरत शेवटपर्यंत उभ्या होत्या. त्या मैदानात नऊवारीतली ती एकटीच बाई.

कार्यक्रम संपल्यावर त्या सरळ स्टेजच्या मागं गेल्या. ड्रम वाजवणारा घाम पुसत बसला होता. कॅसेटवर त्याचं नाव ‘वाय. कोळेकर’ असं छापलेलं असायचं.

“वाय म्हंजी काय वो?” काकींनी विचारलं.

तो जरा ओशाळला. “येताळा.”

“मग लपवता कशाला? कुठलं तुमी?”

“जतकडचा. वडील बिरोबाच्या जत्रंत ढोल वाजवायचं.”

“तरीच,” काकी म्हणाल्या. एवढं म्हणून त्या टेम्पोकडं निघाल्या. परतीच्या वाटेवर टेम्पोत मात्र तीनदा म्हणाल्या, “बघ, मला वळखू आलं का न्हाय?”

पुढं २००३ मध्ये बँड बंद पडला. कुणी नोकरीला लागलं, कुणी परदेशी गेलं. कॅसेटही गेल्या. रविराजनं काही वर्षं मोबाइलचे रिचार्ज मारले, मग दुकान सोडून तो सणसरला उसाकडं बघायला लागला. मी बारामतीत शिकवायला लागले. पत्र्यापलीकडं आता झेरॉक्सचं दुकान आहे. त्या मशीनचा आवाज काकींना अजिबात सोसत नाही. “त्याला ताल न्हाय,” त्या म्हणतात.

गेल्या वर्षी जुलैत रविराजचा फोन आला. आवाज चढलेला. “सुकन्या, वीजगूल परत आलं! नवा अल्बम. एकवीस वर्षांनी! सप्टेंबरात.”

मी त्याच रविवारी इंदापूरला गेले. काकींची सून रेश्मा फोनवर अल्बमचं चित्र दाखवत होती. ‘दुसरी पाळी’ असं नाव, खाली चौघं, चौघांचेही केस पिकलेले. काकींनी चष्मा लावला, चित्र बोटांनी मोठं केलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“ह्याच्या उजव्या बाहीला कोपरात चुण्या हायती,” त्या कोळेकरांवर बोट ठेवून म्हणाल्या. “डावी बाही कोरी. हा हात हलत न्हाय का काय?”

मी घरी येऊन शोधलं. एका मुलाखतीत होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. डावा हात निम्माच परत आला. दीड वर्ष ते पुन्हा वाजवायला शिकत होते. मी काकींना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “वाजवणार हाय ना पण?”

“हो.”

“मग झालं.”

दोन महिने असे गेले की जणू घरात लग्न आहे. रविराज एक दिवसाआड फोन करायचा. पहिलं गाणं जोरातलं असेल की संथ, यावर आमच्या पैजा लागल्या. अल्बम ज्या शुक्रवारी यायचा होता त्याच्या आतच काकींनी सगळे ब्लाउज हातावेगळे केले आणि दुकानाला पाटी लावली, ‘शुक्रवारी बंद.’ गिऱ्हाइकांनी कारण विचारलं की सांगायच्या, “पावणं येणार हायती.”

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता अल्बम आला. रविराजनं सणसरहून मोठा स्पीकर आणला होता. आप्पांनी चहा केला. आम्ही चौघं त्या एवढ्याशा दुकानात बसलो.

पहिलं गाणं संथ निघालं. दुसरंही संथच. गाणाऱ्याचा आवाज वरच्या पट्टीत जाता जाता खाली उतरायचा. ज्या ठिकाणी पूर्वी चार ठोके पडले असते तिथं आता दोन पडत होते. माझाही हिरमोड होत चालला होता, पण मी रविराजकडं बघत नव्हते. पाचव्या गाण्यावर त्यानंच बंद केलं.

“थकल्यात सगळी,” तो म्हणाला. “ह्यासाठी थांबलो काय मी एकवीस वर्षं? न्हाय काढला असता तरी चाललं असतं.”

काकी त्याला काही बोलतील असं मला वाटलं. त्यांनी नुसत्या कपबशा गोळा केल्या. रविराज स्पीकर उचलून दुपारच्या गाडीनं गेला, जाताना धड निरोपही न घेता.

आठवड्यानं काकींचा मला फोन आला. “सुकन्ये, तिसऱ्या गाण्यात डाव्या हाताचा ठोका कुठं पडतोय, ऐकलास का?”

“कुठं?”

“उशिरा पडतोय. पण दर खेपंला तेवढाच उशिरा. एकदाबी इकडं तिकडं न्हाय. रेश्माच्या फोनवर आठ दिवस ऐकतीया मी.”

मी ऐकून बघितलं. खरंच तसं होतं. तो ठोका जरा मागून यायचा आणि त्याच्यामुळं सगळं गाणं किंचित लंगडत, पण न अडखळता चालायचं.

“रविराजला सांगा,” मी म्हणाले.

“फोनवर न्हाय समजायचं त्याला. जाती मी.”

आणि त्या एसटीनं सणसरला गेल्या. पुढचं मला रविराजनंच सांगितलं. तो उसाला पाणी देत होता. काकी बांधावरून येताना दिसल्या तेव्हा त्याला वाटलं, कुणाचं काही वाईट झालं. काकींनी त्याला बांधावर बसवलं आणि फोन त्याच्या कानाशी धरला.

“डावा हात ऐका फकस्त. बाकीचं सोडा.”

त्यानं एकदा ऐकलं. मग स्वतः फोन हातात घेऊन दुसऱ्यांदा ऐकलं.

“म्हंजी त्यानं त्यो ठोका तसाच बसवलाय?”

“बसवलाय न्हाय तर काय. दीड वरीस घालवलं आसंल त्यापायी.”

रविराजनं गाणं थांबवलं. मग म्हणाला, “पण वहिनी, गाणाऱ्याचा गळा गेला, त्ये खरं हाय.”

“त्यो गेलाच,” काकी म्हणाल्या. “त्येला कोण न्हाय म्हणतंय.”

राहिलेली गाणी त्यांनी तिथंच ऐकायला घेतली. पाणी पुढच्या सऱ्या फोडून शेजारच्या रानात चाललं होतं, आणि रविराजची बायको कौसल्या पलीकडून “अवो, बारं बदला की!” म्हणून ओरडत येत होती. रविराजनं तिला हातानंच थांब म्हटलं. ती जवळ आली, दोघांकडं बघितलं आणि काय चाललंय ते न कळूनही खोरं हातात घेऊन स्वतःच बारं बदलून पाणी दुसऱ्या सरीला वळवायला गेली.