कावेरीचा ‘नाही’चा सराव

खरं तर हे मी सांगायचं नाही. आत्याच्या शनिवारच्या वर्गाचा पहिला नियमच आहे, खोलीतलं खोलीत. पण किस्से इतके साठलेत की खोलीत मावत नाहीत. निनाददादा सोडून सगळ्यांची नावं बदलली आहेत.

वर्ग बंगळूरच्या बसवनगुडीत, मुलींसाठी. एचआयव्हीपासून स्वतःला कसं सांभाळायचं ते आत्या शिकवते. सगळ्या तिला अक्का म्हणतात. मी चटया घालते आणि कोपऱ्यात बसते. शेजारी एकवीस वर्षांची कावेरी, गारमेंट फॅक्टरीत शिलाई करते. तिच्या थोरल्या बहिणीला नवऱ्याकडून एचआयव्ही झाला. लग्नाआधी त्याची तपासणी कुणी मागितलीच नव्हती. बहीण गोळ्या घेते, ठणठणीत आहे, कावेरीशी भांडतेसुद्धा. पण कावेरीने ठरवलंय, तपासणीशिवाय लग्न नाही. आणि स्थळं तर यायला लागली आहेत.

*

एकदा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एचएसआर लेआउटहून निनाददादा शिकवायला आला. मूळ पुण्याचा, आयटीतला. लागण कशी पसरते ते दाखवायला त्याने सगळ्यांना एकमेकींशी हात मिळवायला लावले आणि शेवटी कुणाकुणाला ‘लागण’ झाली ते जाहीर केलं. खेळ मस्त रंगला.

पुढच्या शनिवारी त्याने हात पुढे केला, तर सगळ्यांनी लांबूनच नमस्कार केला! हात मिळवून काही होत नाही, हे पटवण्यात आत्याचा सगळा तास गेला.

*

मग ‘नाही’ म्हणायचा सराव. कारण द्यायचं नाही, माफी मागायची नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, “नाही... म्हणजे, चालेल ना?”

आत्या म्हणाली, “ही नकार देतेय की परवानगी मागतेय?”

कावेरीने सराव थेट रस्त्यावर नेला. कोपऱ्यावर एक ऑटोवाला नुसताच उभा होता. त्याला तिने ठणकावलं, “नाही!”

“सरी अम्मा, ठीक आहे,” तो म्हणाला, “पण मी कुठे काय विचारलं?”

*

शेवटी कावेरीला बघायला माणसं आली. तिने आत्याला आणि मलाही बोलावलं होतं. उप्पिट्टू, म्हणजे आपला उपमा, वाटून झालं. पत्रिका जुळते, आणखी काही विचारायचंय का, असं मुलाच्या आईने विचारलं.

“मी एचआयव्हीची तपासणी केली आहे,” कावेरी म्हणाली. “यांनीही करावी.”

चमचे थांबले. पोरगी गंमत करतेय, सोडून द्या, असं तिचे वडील घाईघाईने म्हणाले.

“नाही,” कावेरी म्हणाली. कारण नाही, माफी नाही.

मुलगा म्हणाला, “करतो की.” त्याचे वडील मात्र तडक उठून चपला शोधू लागले. आई उठेचना. ती आत्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “अक्का, लग्न होऊन खूप वर्षं झालेल्यांचीही तपासणी करतात का हो?”

वडील एक पाय चपलेत घालून तसेच उभे राहिले. तेव्हा आत्या त्यांच्याकडे बघून—

थांबा, आत्या हाक मारतेय, “अगं, चटया कोण घालणार?” आले, आत्या!