माऊंट जरा आत घे

आमच्या गल्लीतली फ्रेमवाली बावन्न वर्षांची आहे. ओलं लाकूड ती चौकटीला लावत नाही आणि ओला रागही वापरत नाही. दोन्ही आधी चांगले मुरू देते.

दुकानाच्या वर ती आणि गणिताच्या बाई बावीस वर्षं एकत्र राहतात. थोरला भाऊ मात्र चारचौघांत बाईंची ओळख ‘हिच्या भाडेकरू’ अशी करून द्यायचा.

आईच्या पंच्याहत्तरीच्या आठवडाभर आधी भाऊ घरातल्या सगळ्यांचा फोटो घेऊन दुकानात आला.

“मोठी फ्रेम कर. आणि माऊंट उजवीकडून जरा आत घे.”

माऊंट म्हणजे फोटोभोवतीचा जाड पुठ्ठा. त्यात खिडकी कापायची. नको ते पुठ्ठ्याखाली जातं. उजव्या टोकाला, फ्रेमवालीच्या खांद्यावर हात ठेवून, बाई उभ्या होत्या.

“बाईंना झाकू, दादा?”

“कापतोय थोडंच? खाली असतीलच की त्या. मुलीच्या सासरचे येणार, उगाच प्रश्न नकोत.”

“बरं,” ती इतकं गोड म्हणाली, की शहाणा माणूस फोटो घेऊन पळाला असता. भाऊ चहा पिऊन गेला.

समारंभात फ्रेमवरचा कागद त्यानेच फाडला. तीन फुटी चौकट, भरपूर पांढरा पुठ्ठा आणि उजवीकडे छोटीशी खिडकी. खिडकीत आई, फ्रेमवाली आणि बाई. आईच्या खुर्चीवर भावाची दोन बोटं तेवढी दिसत होती.

“अगं, माझं तोंड कुठंय?”

“आहे की खाली. कापलं थोडंच?”

पोरं खिदळली. भावाच्या मुलीच्या सासूबाईंनी चष्मा सावरला. “आणि या कोण?”

“सांग ना, दादा,” फ्रेमवाली म्हणाली. “नीट सांगितलंस तर उद्या नवा माऊंट कापते.”

“या... हिच्याकडे राहतात...”

“पलंग एकच आहे घरात. नीट सांग.”

भावाची मान कानापर्यंत लाल झाली. “या हिच्या जोडीदार आहेत. बावीस वर्षं.”

“मोठ्यानं. मामांना ऐकू येत नाही.”

त्यानं पुन्हा सांगितलं. “अरे, मला कधीचं ठाऊक आहे!” मामा ओरडले.

बाईंनी डोळ्यांनीच दटावलं, की आता पुरे. फ्रेमवालीने सरळ त्यांच्याकडे पाठ फिरवली.

“आता मागच्या रांगेसाठी, दादा. एकदाच.”