अशनीची चोरी आणि मावशींवरचा आळ

त्या गुन्ह्याची आठवण निघाली की सगळ्यात आधी डोळ्यांपुढे येतो तो आमच्या ठाणे अंमलदाराचा गोंधळलेला चेहरा. फिर्याद लिहिता लिहिता तो उठून माझ्या केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "साहेब, आकाशातून पडलेला दगड चोरीला गेलाय म्हणतात. किमतीच्या रकान्यात काय लिहू? फिर्यादी म्हणतो, अमूल्य."

"अमूल्य असा रकाना नसतो. अंदाजे काय ते विचार आणि लिही," मी म्हटलं. अंमलदाराला वाटलं, मी थट्टा करतोय. पण चोरी ती चोरी. दखलपात्र गुन्हा होता, नोंद करणं भाग होतं.

नोकरीची शेवटची वर्षं मी ठाणे शहरात काढली. दगड ज्यांचा, ते गृहस्थ वर्तकनगरमधल्या एका सोसायटीत मुलगा-सुनेसोबत राहत. वय सत्तरीच्या पुढे, कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त, पत्नी वारलेली. सगळे त्यांना काका म्हणत. पायाचं हाड मोडल्यामुळे ते अंथरुणावर होते, म्हणून फिर्याद द्यायला मुलगा आला होता. काकांना आकाशातून पडलेले दगड जमवण्याचा छंद. कुणाला तिकिटांचा असतो, कुणाला नाण्यांचा, तसा.

आमचे उपनिरीक्षक पंचनाम्याला गेले, तेव्हा काकांनी पडल्या पडल्या त्यांची शिकवणी घेतली. "उल्का लिहू नका. उल्का म्हणजे आकाशात दिसते ती रेघ. जमिनीवर येऊन पडला तो अशनी." उपनिरीक्षकांनी मुकाट्याने खाडाखोड केली आणि सही मारली. गेला होता तो लोखंडी अशनी. आकाराने मुठीएवढा, पण उचलायला गेलं तर हात खाली ओढला जाईल असा वजनदार.

पंचनाम्यात विशेष काही निघालं नाही. कपाट फोडलेलं नव्हतं. किल्ली देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला होती, तिथेच होती. बाकीचे दगड आपापल्या डब्यांत. शेजारच्या कपाटातली चांदीची भांडीही जागच्या जागी. अशा वेळी कुठलाही पोलीस एकच वाक्य बोलतो, माहीतगाराचं काम आहे. आणि हे वाक्य उच्चारलं की घरातल्या सगळ्यांच्या माना कामवाल्या बाईकडे वळतात. इतक्या वर्षांत याला अपवाद पाहिला नाही.

इथे तर मुलाने आमची वाटही पाहिली नाही. फिर्याद देऊन घरी गेला आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशींचं नाव-आडनाव घालून मेसेज टाकला की आमच्याकडे चोरी झाली आहे, यांना कामावर ठेवणाऱ्यांनी सावध राहावं.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतःहून पोलीस ठाण्यात आल्या. पंचेचाळिशीच्या, मूळ साताऱ्याकडच्या, काकांच्या बिल्डिंगजवळच्याच चाळीत राहणाऱ्या. त्या एका बिल्डिंगमध्ये त्यांच्याकडे चार घरांची कामं होती. मी महिला हवालदारांना बोलावून घेतलं आणि मावशींना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत.

"साहेब, दोन घरांनी सकाळीच सांगितलं, थोडे दिवस येऊ नका. तिसरीने दार उघडलं, पण मी भांडी घासत होते तोवर किचनमध्येच उभी राहिली. कधी उभी राहत नाय ती. पंधरा वर्षं त्या बिल्डिंगमध्ये आहे मी. सोनं उचललं नाय कधी, धोंडा कशाला उचलू?"

"कपाटाची किल्ली कुठे असते, माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. ते दगडवाले येतात ना, तेच किल्ली काढतात, तेच लावतात. मला काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, मावशी, या कपाटाला ओला फडका लावायचा नाय. मी सुकासुद्धा लावला नाय."

मग त्या म्हणाल्या, "मला कागद द्या. मी चोर नाय असं लिहून द्या."

मी त्यांना समजावलं, की असा कागद पोलीस देत नाहीत. संशयित म्हणून तुमचं नाव आमच्याकडे कुठेच लिहिलेलं नाही, तर ते खोडून तरी काय देणार? त्यांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही फारसं पटलं नव्हतं.

त्याच दुपारी आमच्या एका शिपायाने खबर आणली. सोसायटीच्या वॉचमनने गेल्या आठवड्यात मावशींना जड पिशवी घेऊन बाहेर पडताना पाहिलं होतं. ही बातमी मुलाच्या कानावर गेली आणि तो धावतच आला. "बघा, मी सांगत होतो ना!" मावशींना विचारलं तर म्हणाल्या, काकांनी दिलेली रद्दी होती, खोपटला एसटी डेपोजवळच्या रद्दीवाल्याला विकली. मी स्वतःच त्या रद्दीवाल्याकडे गेलो. त्याला बाई आठवत होती. रद्दीत दगड लपवून आणला असेल का, असं विचारल्यावर तो मोठ्याने हसला.

"साहेब, वजन वाढवायला रद्दीत काय काय घालून आणतात लोकं! पाणी मारतात, विटा घालतात. मी गठ्ठा सोडल्याशिवाय काट्यावर ठेवत नाय. त्या बाईच्या रद्दीत पेपरच होते. पुरवण्यासुद्धा वेगळ्या लावलेल्या."

म्हणजे खबर खरी होती, पण तिच्यातून निघालं काहीच नाही. नव्या अधिकाऱ्यांना मी नेहमी सांगत असे, की खबर खोटी निघाली तर वेळ जातो, पण खरी असून चुकीच्या माणसाकडे नेणारी खबर जास्त घातक. मुलगा मात्र ऐकायला तयार नव्हता. त्याच्या मनात चोर ठरला होता, आता फक्त पुरावा यायचा बाकी होता.

मग मी काकांच्या घरी गेलो. मला त्या छंदातलं काही कळत नव्हतं, आणि ज्यातलं कळत नाही ते आधी नीट विचारून घ्यावं, हा माझा शिरस्ता. काका आता उशीला टेकून बसू लागले होते. विचारल्यावर त्यांची कळी खुलली. महिन्यातल्या एका रविवारी त्यांच्याकडे मंडळी जमत. डोंबिवलीचे एक निवृत्त रसायनशास्त्राचे सर, कल्याणचे लोखंडाचे व्यापारी, घोडबंदर रोडच्या एक बँकेतल्या बाई, असे सात-आठ जण. मिसळ आधी, दगड नंतर. हात साबणाने धुऊन, पुसून, पांढरे सुती हातमोजे घालायचे आणि मखमल अंथरलेल्या ताटातून दगड एकेकाकडे फिरवायचा. उघड्या हाताने कुणी शिवलं की बाकीचे सगळे ओरडत.

"घामात मीठ असतं ना," काका म्हणाले. "लोखंडाला मीठ आणि दमट हवा लागली की संपलं. आपल्याकडे तर खाडीची हवा. म्हणून प्रत्येक डब्यात या गोळ्यांची पुडी ठेवतो. ओल शोषून घेते. कोरडी असली की निळी, भिजली की गुलाबी. दर महिन्याला बदलाव्या लागतात. आता मी पडल्यापासून कोण बदलणार? सगळ्या गुलाबी झाल्या असतील. बघवत नाही, म्हणून कपाट उघडायलाच सांगितलं नव्हतं. परवा कल्याणचे शेठ भेटायला आले, त्यांनी लोखंडी बघायला मागितला, तेव्हा कळलं गेल्याचं."

मी मुलाला डबे आणायला लावले. पहिला उघडला. पुडी निळी. दुसरा उघडला, निळी. बाराच्या बारा डब्यांत पुड्या निळ्याशार.

"या कोणी बदलल्या?" मी विचारलं.

मुलगा म्हणाला, "मी नाही." सून ऑफिसात, आणि तिला या दगडांचा तिटकारा. मावशी कपाटाला हात लावत नव्हत्या. काका पुडी हातात धरून नुसते बघत राहिले. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला उत्तर सुचत नाहीये की उत्तर सुचलंय म्हणून तो गप्प आहे, एवढं ओळखायला मी शिकलो होतो.

"काका, चोर कुलूप तोडतो, कपाट उचकटतो. जाताना तुमचं घर झाडून ठेवत नाही. हा माणूस एक दगड घेऊन गेला आणि बाकीच्यांची ओल त्याला बघवली नाही, म्हणून पुड्या बदलून गेला. असं कोण करेल?"

"साहेब, जाऊ द्या. आम्ही फिर्याद मागे घेतो."

मला राग आला आणि मी तो लपवला नाही. "फिर्याद अशी मागे घेता येत नाही. आणि तुम्ही गप्प बसलात, तर ती बाई जन्मभर चोर राहील. तुम्हाला चालणार आहे?"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "डोंबिवलीचे सर," ते म्हणाले. "मी पडल्यावर दर आठवड्याला येऊन बसायचे. माझा डोळा लागला की हॉलमध्ये पेपर वाचायचे. लोखंडीला गंज धरलाय, माझ्याकडे द्या, म्हणून मागे लागले होते. मी दिला नाही. माझा दगड मी कुणाच्या घरी पाठवत नाही."

डोंबिवली पूर्वेला सरांचं घर गाठलं, तेव्हा सरांच्या पत्नीने दार उघडलं. मी काकांच्या दगडाचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "हो, हो, आत आहेत. दुरुस्तीला आणलाय ना तो. गेले कित्येक दिवस माझा ओटा अडवून बसलेत."

इतका सोपा कबुलीजबाब मला उभ्या नोकरीत मिळाला नाही. सर स्वयंपाकघरात होते, हातात तेच पांढरे मोजे. ओट्यावर काचेची बरणी, बरणीत औषधी पाणी, आणि पाण्यात काकांचा अशनी. गणवेश पाहून त्यांनी आधी बरणीला झाकण लावलं, मग माझ्याकडे वळले.

"साहेब, त्याला तांबडे थेंब फुटले होते. अजून एक पावसाळा काढला असता तर पापुद्रे सुटून भुगा झाला असता. काका ऐकत नव्हते. म्हटलं, बरा करून पुढच्या बैठकीला ताटात ठेवू, तेव्हा ते काही बोलणार नाहीत. मग पोलिसांत गेल्याचं कळलं आणि माझं धाडस झालं नाही."

"त्या घरातल्या कामवाल्या बाईवर आळ आला, हे माहीत होतं?"

"मेसेज फिरत फिरत आमच्याही ग्रुपवर आला. पण ते नाव कुणाचं, ते कळलंच नाही मला. आम्ही त्यांना मावशीच म्हणायचो."

हे खरं की खोटं, ते मी आजही सांगू शकत नाही. खरं असलं तर जास्त वाईट. "इतकी वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यालात ना?" एवढंच मी विचारलं. सरांनी मोजे काढले आणि खुर्चीवर बसले. त्यांच्या पत्नीला तेव्हा कुठे सगळं समजलं. त्या आत जाऊन बसल्या.

दगड बरणीसकट जप्त केला. सरांवर रीतसर कारवाई झाली. पुढे वकिलामार्फत काका आणि सर दोघांनी वरच्या न्यायालयात तडजोडीचा अर्ज केला आणि प्रकरण मिटलं. तोवर दगड आमच्या मुद्देमाल खोलीत. दर पंधरा दिवसांनी काठी टेकत काका आणि त्यांना धरून सर असे दोघे यायचे आणि मुद्देमाल कारकुनाशी पुड्यांवरून हुज्जत घालायचे. कारकून वैतागून म्हणायचा, "साहेब, यांचा दगड देऊन टाका हो. दारूच्या बाटल्यांनी इतका त्रास दिला नव्हता." दोघांची मैत्री तुटली नाही, याचं मला बरं वाटलं. पण मी हे सगळं लिहितोय ते त्यांच्यासाठी नाही.

सर सापडले त्याच दिवशी मुलाने ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला होता. "गैरसमज झाला होता. वस्तू मिळाली आहे. विषय संपला." हवालदार बाईंनी तो मावशींना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, आळ आला तेव्हा माझं नाव घेऊन आला ना? मग जातानाही नाव घेऊनच जाऊ दे."

मी मुलाला फोन केला. कायद्याने मी त्याला तसं लिहायला भाग पाडू शकत नव्हतो. पण बदनामीचं कलम त्याला समजावून सांगण्यापासून मला कुणी अडवू शकत नव्हतं. त्याने मावशींचं पूर्ण नाव घालून लिहिलं की यांनी चोरी केली नव्हती, मी खोटा आरोप केला आणि मी माफी मागतो. संध्याकाळी मावशींना सोबत घेऊन मी गणवेशात सोसायटीच्या गेटवर गेलो. बायका भाजी घेऊन परतत होत्या, पोरं सायकली फिरवत होती. वॉचमनच्या केबिनसमोर उभा राहून मी तो मेसेज मोठ्याने वाचला, नावासकट. ज्यांनी कामावर येऊ नका म्हणून सांगितलं होतं त्या दोघीही तिथेच होत्या. त्यातली एक म्हणाली, "उद्यापासून या हं मावशी." मावशींनी मान हलवली.

मुलाने काकांना खुर्चीत बसवून खाली आणलं होतं. "मावशी, चला ना वर," ते म्हणाले. "चुकलं आमचं."

"काका, तुमच्यावर राग नाय माझा. बाकीची घरं करते मी. पण तुमच्याकडं आता हात धजायचा नाय. केर काढताना वाकले तरी वाटंल, मागनं कुणीतरी बघतंय."

एवढं बोलून त्या जिना चढून तिसऱ्या घराची भांडी घासायला गेल्या.

गुन्हा उघडकीस आला की आमच्या कागदांवर तसा शेरा पडतो आणि वरिष्ठांकडून शाबासकी मिळते. ज्याच्यावर नुसता संशय आला, त्याच्यासाठी कुठलाच शेरा नसतो. त्यानंतर मी एक पद्धत ठेवली. चौकशीत निर्दोष निघालेल्या माणसाच्या दारी गणवेशात जायचं आणि शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं, की यांचा काही संबंध नव्हता. सहकारी हसायचे. निवृत्तीपर्यंत मी ते सोडलं नाही.

अशनी काकांना परत मिळाला, आता तो काकांच्या कपाटात आहे आणि सरांच्या देखरेखीखाली, असं ऐकतो. त्या घरातून मावशींचंही काहीतरी गेलं होतं. ते मला हस्तगत करून देता आलं नाही.