तिळगुळाआधीचं वाक्य

गोणपाटाला एक वास असतो. ताग, सरकीचं तेल आणि गोदामातला शिळा अंधार यांचा मिळून झालेला. पौषातल्या सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आलं की ते आमच्या शाळेच्या दालनात मधोमध टांगलेल्या गोणपाटावर पडे, तापलेल्या धाग्यांतून तो वास सुटे, आणि विणीतून गाळून आलेल्या उजेडाचे बारीक ठिपके माझ्या पोरींच्या पाट्यांवर, वेण्यांवर, शाईने डागाळलेल्या बोटांवर पसरत. इतकी वर्षं लोटली, निजामाची अमदानी गेली, नांदेडच्या त्या गल्लीचं रूपही पार पालटलं. पण कुठे बाजारात पोत्यांची थप्पी दिसली की मी अजून क्षणभर थांबते आणि पडद्यापलीकडून ती जाड, हसरी, पानाने भरलेल्या तोंडातली हाक येते की काय म्हणून कान देते.

त्या राज्यातल्या सरकारी शाळांत एक तास असा असे की त्या वेळी वर्गाचे दोन भाग होत. मुसलमान मुली ‘दीनियात’ला, म्हणजे धर्मशिक्षणाला जात, बाकीच्या साऱ्या ‘अखलाक’ला, म्हणजे नीतिपाठाला बसत. एरवी एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसणाऱ्या, एकमेकींच्या दप्तरातली चिंच चोरून खाणाऱ्या पोरी त्या तासाला उठून दोन खोल्यांत जात. चांगलं कसं वागावं हे शिकण्यापुरतं वेगळं व्हावं लागे, याचं तेव्हा कुणालाच नवल वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं. मग एका भाद्रपदात पावसाने दीनियातच्या खोलीची मातीची भिंत बसली. दुरुस्तीची मंजुरी हैदराबादहून येईपर्यंत दोन्ही तास एकाच दालनात घ्यायचे ठरले, आणि लातूरला जिनिंगमध्ये कामाला असलेल्या माझ्या भावाने पाठवलेलं गोणपाट मी स्वतः शिवून मध्ये टांगलं. टाके घट्ट घातले होते. पलीकडचं अवाक्षर अलीकडे येऊ नये, अशीच माझी इच्छा होती.

अखलाक मी शिकवत असे. लातूरची मी, लग्नानंतर वर्षभरातच कपाळ पांढरं झालेली. भावाने हट्टाने शिकवलं आणि नांदेडला मावशीच्या घरामागच्या एका खोलीत राहून मी शाळेत बाई झाले. खरं बोलण्याचा मला फार अभिमान होता. जे मनात ते ओठांवर, आणि ओठांवर नसेल ते पट्टीच्या टोकावर. पोरी मला टरकून असत आणि त्यालाच मी आदर समजत असे. पडद्यापलीकडे दीनियात शिकवायला होत्या उदगीरच्या सकीना उस्तानी. स्थूल, संथ, वर्गात पान खाणाऱ्या, आणि सकाळच्या पहिल्या तासाला जवळजवळ रोज उशिरा येणाऱ्या. त्या येईपर्यंत त्यांच्या पोरींचा गलका माझ्या बाजूला येई. मी आवाज चढवी. त्या आल्या की त्याही चढवत. दोन भाजीवाल्या शेजारी बसून एकाच गिऱ्हाइकाला ओरडतात, तसे आमचे नीतीचे तास चालत.

कार्तिकात हैदराबादहून तपासणीस बाई आल्या. जाताना त्यांनी मला सहज विचारलं, “दोन वर्ग एका दालनात, कसं काय जमतं?” मी सरळ उभी राहून म्हणाले, “उस्तानी रोज उशिरा येतात.” शब्दाला शब्द खरं होतं. पुढच्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती, तेव्हा आपल्या खरेपणाची नोंद झालेली बरी, असं मनात आलं नसेल असं मी म्हणणार नाही. नोकरी मात्र कायम झाली नाही. का झाली नाही ते कुणी सांगितलं नाही. माझ्या रिकाम्या कपाळाकडे पाहून मीच त्याचं कारण लावून घेतलं आणि आतल्या आत कडवट होत गेले.

मार्गशीर्ष संपता संपता गंगेवर धुकं उतरू लागलं. आम्ही नांदेडकर गोदावरीला गंगाच म्हणतो. अशाच एका धुकट सकाळी मुलींना शुद्धलेखन देऊन मी गप्प बसले होते आणि पलीकडे उस्तानी समजावत होत्या. कुणाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल असं बोलणं, की जे ऐकून त्याला दुखेल, त्याला ‘गीबत’ म्हणतात, आणि ते मोठं पाप आहे. रबिया नावाची एक चुणचुणीत पोर तिथे होती. तिने विचारलं, “पन उस्तानी, ते खरं असलं तर?”

“खरं असलं तरच गीबत, बेटा,” उस्तानी म्हणाल्या. “खोटं असलं तर तो आळ झाला. त्याचा गुन्हा येगळाच हाय.”

माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. माझ्या बाजूची गोदू, कापडवाल्याची लेक, पाटी खाली ठेवून उभी राहिली. “बाई, तुम्ही तर म्हन्ला होता, खरं बोलायला कधी भ्यायचं न्हाई.” साऱ्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं.  मी म्हणाले, “पलीकडे विचार.” त्या दालनात पडद्यावरून पलीकडे गेलेला तो पहिला प्रश्न. गोदूने तो खणखणीत आवाजात विचारला. पलीकडे पानाची पिंक टाकल्याचा आवाज झाला आणि उस्तानी हसून म्हणाल्या, “भ्यायचं न्हाई तर त्याच्या तोंडावर बोल ना, बाळ. पाठीमागं बोलायला कशाची हिंमत लागते?”

त्या दिवसापासून शुद्धलेखन मागे पडलं. पोरी पडद्याला तोंड करून बसू लागल्या. चुकून गीबत झालीच तर माफी कुणी द्यायची, यावर दोन दिवस गेले. आमच्या पोरी म्हणाल्या, देव देतो, गंगेत न्हालं की जातं. उस्तानी म्हणाल्या, अल्ला त्याच्यापुरतं माफ करील, पण माणसाचा हक माणूसच सोडू शकतो. गंगेनं तुझं अंग धुतलं, पण ज्याला लागलं त्याचं काय? मग जरा थांबून, आवाज उतरवून त्यांनीच पुढे सांगितलं की त्यांच्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण करतात ते हजला निघालेले लोक. ते निघण्याआधी दारोदार जाऊन ‘कहासुना माफ करा’ म्हणतात. “आन् आमच्यासारखे गरीब हजला कधी जानार?” इकडून गोदू लगेच म्हणाली, आमच्यात दर साल जातात, संक्रांतीला, भांडलेल्यांच्या घरीसुद्धा. “मग काय म्हन्ता जाऊन?” रबियाचा प्रश्न. “गोड बोला म्हन्तो.” “पन आपन काय केलतं ते सांगता का?”  सांगत नव्हतो. आम्ही तीळ हातावर ठेवून केलेलं सारं त्याखाली झाकत होतो.

‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य मला तेव्हाही आवडत नसे, आता तर मुळीच नाही; ते बोलून माणूस ऐकण्यातून सुटका करून घेतो. त्या गोणपाटाच्या दोन बाजू एकच सांगत नव्हत्या. मेल्यावर काय होतं, यावर पोरी महिनाभर भांडल्या आणि काडीभरही सरकल्या नाहीत. पण दुखावलेल्या माणसाचं आपण काय देणं लागतो, या एका ठिकाणी एकीकडे वाक्य होतं आणि वर्षाचा दिवस नव्हता, दुसरीकडे दिवस होता आणि वाक्य नव्हतं. पोरींनी ते दोन्ही जोडलं. या संक्रांतीला तिळगुळाआधी आपण काय केलं ते सांगून ‘कहासुना माफ करा’ म्हणायचं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, आम्हा दोघींना न विचारता.

आणि त्याच आठवड्यात हुकूम आला. सकीना उस्तानींची बदली, किनवटच्या जंगलपट्ट्यात. कारण, वेळेवर हजर न राहणे. शाळा सुटल्यावर त्या पायरीवर बसल्या होत्या. पान नव्हतं तोंडात. मी शेजारी उभी राहिले तेव्हा आपणहून म्हणाल्या, “बाई, अम्मीचं अंग लुळं पडलंय चार साल झाले. सकाळी तिला उठवून, धुऊन, पेज पाजून येईपर्यंत उशीर होऊनच राहिला. किनवटला तिला कसं नेऊ? इथं कुनाजवळ ठेवू?” कुणी सांगितलं असेल हे त्यांनी विचारलं नाही. मी “वाईट झालं” एवढंच म्हणाले आणि घरी आले.  आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या खरेपणाची लाज वाटली. चार महिने एका कापडाच्या अंतरावर बसून मी त्यांना ‘उशीर का होतो’ हे एकदाही विचारलं नव्हतं.

संक्रांतीच्या दिवशी मी कुणाच्या दारी जात नसे आणि माझ्या दारी कुणी येत नसे. सवाष्णींच्या त्या दिवसात माझ्यासारखीने आपल्या खोलीत बसून राहावं, हे न बोलता ठरलेलं होतं. त्या दुपारी मात्र मी तिळगुळाची पुडी पदरात बांधली आणि गल्ल्या ओलांडून उस्तानींच्या घरी गेले. ऊन कोवळं होतं आणि उसाच्या रसाचा वास हवेत होता. दारात उभी राहून मी एका दमात सांगितलं: मी बोलले, तपासणीस बाईंजवळ, तुमच्या पाठीमागे.

 उस्तानींनी बाजूला होऊन वाट दिली. “माझ्या हकाचं मी बघीन. पन ह्यात अम्मीचा बी हक हाय. तिला सांगा.”

आत बाजेवर एक मूठभर म्हातारी होती, स्वच्छ, तेल लावलेल्या केसांची. तिच्या उशाशी बसून मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा ते अधिक जड गेलं. म्हातारीने चालता हात माझ्या मनगटावर ठेवला. “सच बोली ना तू? आधा बोली, बेटी. अब जाके बाकी का बोल.”

तपासणीस बाई त्या दिवसांत धर्माबादला आल्याचं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी एकटी निघाले. जनाना डब्याच्या खिडकीतून करडीची, ज्वारीची शेतं मागे पळत होती आणि मी मनाशी जाणून होते की चहाडी करणारी बाई म्हणून माझी उरलीसुरली नोकरीही आज जाईल. त्यांच्यासमोर उभं राहून मी उरलेलं खरं सांगितलं. अम्मीचं, सकाळच्या पेजेचं, आणि माझ्या स्वार्थाचंही. त्यांनी चष्मा काढला. “हे तेव्हाच का नाही सांगितलं?” “मला माहीत नव्हतं,” मी म्हणाले, “कारण मी विचारलं नव्हतं.”  मग कागद ओढून त्यांनी बदली रद्द केली आणि दीनियात-अखलाकचा तास सकाळऐवजी दुपारी नेण्याचा हुकूम माझ्या हाती दिला.

तो तास मी विसरूच शकत नाही. रात्र धर्माबादला काढून सकाळच्या गाडीतून उतरले आणि पहिल्या तासाला मी धावतच शाळेत आले, दालनाच्या दारातून ओरडले, “उस्तानी कुठेही जात नाहीत!” आणि दोन्ही बाजूंनी असा जल्लोष झाला की खिडकीतली कबुतरं उडाली. पोरी पडद्याखालून, पडद्यावरून, पडद्यातून एकमेकींवर पडल्या, खिळे निखळले, माझे घट्ट टाके टराटरा उसवले आणि गोणपाट खाली आलं. त्यातली वर्षानुवर्षांची सरकीची धूळ उन्हात सोन्यासारखी उधळली, सगळ्या शिंकत होत्या, हसत होत्या, आणि त्या धुळीत उस्तानी पदराने डोळे पुसत उभ्या होत्या. पुढे तपासणीच्या दिवशी तेवढं आम्ही ते पुन्हा टांगत असू. पट्टी मी त्यानंतर उचलली नाही.

पुढच्या संक्रांतीला पोरींनी आपलं वाक्य पुन्हा, या वेळी शाळेच्या अंगणात म्हटलं. कुणी म्हणाली, तुझी चिंच मी खाल्ली. कुणी म्हणाली, तुझ्या आईला मी वेडी म्हटलं होतं. रडारड झाली, एकदोघींनी माफ करायला साफ नकार दिला, मग तिळगूळ झाला. दुपारी मी माझ्या खोलीत परतले. थोड्या वेळाने दारावर थाप पडली. सकीना उस्तानी होत्या, हातात रुमालात बांधलेला तिळगूळ. “कहासुना माफ करा, बाई.” मी हसून हात पुढे केला. त्यांनी मूठ मिटली. “आधी ऐका. तपासणीस बाईंना त्याच दिवशी मी बी सांगितलतं, ही बाई पोरींना पट्टीनं मारते म्हनून. खरंच होतं ते. पन तुमच्या तोंडावर बोलले न्हाई. तुमची नोकरी त्याच्यानंच अडली. हे सांगायला मला साल लागलं.”

मला संताप आला. वर्षभर मी माझ्या कपाळाला दोष देत होते, वर्षभर एकटीनेच अपराधी होते. शिकवणारी हीच, आणि वर्षभर गप्पही हीच! त्या क्षणी काय करावं, हे ना त्यांच्या किताबात मला सापडलं असतं ना माझ्या पोथीत. आणि तरीही ती दारात उभी होती, त्याअर्थी त्या दालनात आम्ही जे जोडलं होतं तो पोरखेळ नव्हता.

“आज सकाळी तपासणीस बाईंना बाकीचं बी लिहून धाडलं,” त्या म्हणाल्या. “सालभर पट्टी उचलली न्हाई म्हनून. आता माफ करायचं का न्हाई, ते तुमचं हाय. मी उभी हाय.”

“आत या,” मी शेवटी म्हणाले. “पण मला राग आहे.”

“असू द्या राग,” असं म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. संक्रांतीच्या दिवशी माझ्या खोलीत पाऊल ठेवणारी ती पहिली बाई होती.